पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं

दिग्रस,
११ नोव्हेंबर १९६४

प्रिय विमल,

पुंडलिकशी तुझी फारकत झाल्यापासून सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या बोरी अरबहून इथे शाळेत आलेली एक मुलगी परवा सहज बोलून गेली, की शेजारच्या ओटीभरणाला तुला वांझ म्हणून मागच्या दारीच थांबवलं. त्या दिवशी मला वर्गात पुढचं शिकवता आलं नाही.

नागपूरचा दवाखाना आठवतो? तुझ्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं. मग डॉक्टरांनी पुंडलिकच्या गालाच्या आतून लाकडी पट्टीनं जरासं खरवडून काचेवर घेतलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "थुंकीत लेकरू शोधते का हा मानूस?" तू पदराआड हसलीस. पंधरा दिवसांनी त्याच्या तपासणीचा इंग्रजी कागद आला. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. आई चुलीपासून उठून आली, "काय म्हणते वं मास्तरीणबाई, कागद?" त्यावर लिहिलं होतं, सेक्स क्रोमॅटिन पॉझिटिव्ह. मी सांगितलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. आई लगेच म्हणाली, "मंग खोट माह्या पोरात नाई." तू दारात उभी होतीस.

मला खरंच तसं वाटलं होतं का? काल त्या वर्षाची रोजनिशी काढली. माझ्याच अक्षरात आहे: 'शब्दाचा अर्थ नीट कळला नाही. डॉक्टरांना विचारावं.' विचारलं नाही. कागदाची शेवटची ओळ होती, की दोघांनी पुन्हा भेटावं. ती मी मोठ्यानं वाचलीच नाही. अडाणी ठरण्याची लाज वाटली, की भावाकडे बोट जाऊ नये असं वाटलं? दोन्ही असेल.

दिवाळीआधी यवतमाळला शिक्षकांचा वर्ग होता. तिथे प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली गालातल्या पेशी दाखवल्या. बाईच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. त्यांतलं एक आखडून मिटून बसतं, त्याचा काळा ठिपका कडेला दिसतो. पुरुषात एक्स एकच, म्हणून ठिपका नसतो. ठिपका दिसला, की पॉझिटिव्ह. मी विचारलं, पुरुषात दिसला तर? म्हणाले, त्याच्यात एक एक्स जास्तीचं असतं. अशांना बहुधा मूल होत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. मी वहीत लिहीत राहिले. काय लिहिलं ते आता वाचता येत नाही.

तुझ्यानंतर आणलेल्या सुभद्रेलाही मूल नाही. येत्या रविवारी तिला फारकत द्यायला जातीची पंचमंडळी बसणार आहेत. तिसरी मुलगी पाहूनही ठेवली आहे. मी पुंडलिकला सगळं समजावून सांगितलं. तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "ताई, मले मारून टाक, पन लोकांत वाचू नको." लहानपणी त्याला मीच कडेवर घेऊन फिरवलंय गं.

रविवारी पंचांपुढे मी तो कागद वाचणार आहे, शेवटच्या ओळीसकट. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. आई रडली, पुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं, की मी पुन्हा चांगलं तेवढंच सांगेन. म्हणून नक्कल माझ्याकडे ठेवून मूळ कागद या पाकिटात घालते आहे. खाली मराठीत अर्थ लिहिला आहे, या वेळी विचारून. क्षमा मागत नाही. सोमवारपर्यंत सुभद्रेला माहेरी पाठवल्याचं कानावर आलं, तर मी वाचलं नाही असं समज, आणि तो कागद घेऊन तू इथे ये.

तुझीच,
इंदुताई