आजोबांची चांदी आणि विहिरीकडचे दोन एकर

मी, भागवत हरिबा ठोंबरे, वय सत्तेचाळीस, महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार केज, जिल्हा बीड. आज माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, कोणाचा दाबही नाही; उलट "एवढ्यात कशाला?" असे पत्नी मनिषा दोनदा म्हणाली. तरी माझ्या मागे काय कोणाचे, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

१. केजचे राहते घर आणि बँकेतील ठेव मनिषाची. तिच्या हयातीत घर विकण्याचा आग्रह कोणी धरू नये.

२. माझ्या रोजनिशीच्या तेवीस वह्या मुलगी योगिता हिला. वाचाव्यात की नाही, हे तिने ठरवावे. २०११ची मात्र वाचावी.

३. आजोबा गहिनीनाथ निजामी अमलात धारूरच्या डाकबंगल्यावर खानसामा होते. तिथला एक इंग्रज इंजिनिअर जाताना त्यांना काटे, चमचे, सुऱ्या मिळून छत्तीस नगांची पेटी देऊन गेला. घरात तिला 'चांदी' म्हणत. आम्ही हाताने जेवणारी माणसे. आई साखराबाई त्या काट्यांनी मोरावळ्याचे आवळे टोचायची. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की पेटी त्यांच्यापुढे उघडी ठेवत. आदल्या दिवशी थोरली बहीण शिवकन्या आणि मी चिंच व राख लावून सगळे नग घासायचो. आजोबा ओट्यावरून ओरडायचे, "हळू घासा रे, साहेबाच्या तोंडातलं हाय ते!" त्या सकाळींइतके सुख मला नंतर मिळाले का, शंका आहे.

असे घासून घासून आम्हीच मुलामा उडवला. काट्यांच्या टोकांना आणि चमच्यांच्या पाठीला खालचा पिवळट धातू दिसू लागला.

४. पेटी आता शिवकन्येकडे आहे. पुढे तिच्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो. दांड्याच्या मागे भिंगातून पाहावे. इंग्लंडच्या अस्सल चांदीवर चालता सिंह असतो. आपल्या नगांवर ओळीने चार चौकोनी शिक्के आहेत, लांबून चांदीच्या छापासारखेच. पण त्यांत ई.पी.एन.एस. ही अक्षरे आहेत. म्हणजे आत जर्मन सिल्व्हर, नावालाच चांदी; वर खऱ्या चांदीचा पातळ थर. सराफ तोळ्यावर बोलू लागला तर पेटी बंद करावी. मुलाम्याला वजनाचा भाव नसतो. कारागीर कोण, संच पुरा आहे का, थर किती टिकला, यावर किंमत ठरते. नवा मुलामा देऊ नये, शिक्के बुजतात.

५. हे शिक्के मला २०११च्या जानेवारीत ग्रंथालयातल्या एका पुस्तकावरून कळले. वाटणी मार्चमध्ये झाली. शिवकन्येने युसूफ वडगाव शिवारातल्या विहिरीकडच्या दोन एकरांवरचा हक्क माझ्या नावे सोडला. म्हणाली, "रान तुला ऱ्हाऊ दे. मला ती चांदी दे, आजोबाची हाय." मी पेटी दिली. 'चांदी' हा शब्द दुरुस्त केला नाही. तिने विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही, असे त्या दिवशी वहीत लिहिले आणि खोडले.

म्हणून ते दोन एकर माझ्या मागे शिवकन्येचे.

६. हे कलम आज वाढवतो. काल तिच्या घरी जाऊन पाचवे कलम तिला वाचून दाखवले.

"चौदा वर्सं? दर महालक्ष्म्यांना माझ्या घरी जेवाया येत व्हतास. त्या पेटीला हात जोडीत व्हतास."

"हो, अक्का."

"आन् रान कवा देनार?"

"माझ्या मागे. लिहिलंय त्यात."

"तू माझ्याहून आठ वर्सांनी ल्हान. तू मरायची वाट म्या बघू व्हय? लई शाना हायस. मेल्यावर तोंड दाखवाया नगं, म्हनून का?"

ती चहा न विचारता आत गेली.

तेव्हा येत्या सोमवारी केजच्या निबंधक कार्यालयात मी तिच्या नावे बक्षीसपत्र करून देणार आहे. तसा निरोप धाडला आहे. त्याआधी माझे काही झाले तरच पाचवे कलम लागू. ती आली नाही, तर पुढच्या सोमवारी जाईन, आणि त्याच्या पुढच्याही.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझेच आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: भागवत हरिबा ठोंबरे
साक्षीदार: १. मोहनराव निवृत्ती गायके २. विजयसिंह अंकुशराव सोळुंके
केज, १३ नोव्हेंबर २०२५

ता. क. सह्या होत असतानाच अक्काचा फोन आला. "सोमवारी अकराला येते. पर तुझ्या घरी जेवनार न्हाई."