अकरावं खोरं

अप्पा, काल मला खोरं म्हणून मोजलं. तू गेल्यापासनं सात वर्सं आपल्या घराला खोरं नव्हतं. आता हाय, आणि ते मी हाय. हे कुणाला तरी सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई, आणि तोंडानं सांगायचं म्हटलं की माजी मान खाली जाते, तुला ठावंच हाय. तू घातलेल्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले, ते आज कामाला येतंय. खालच्या शेताच्या मेरेवर बसून लिवतेय. पाणी कुठवर आलं बघायला आई पाटाकडं गेलीय.

एक दिस मी सुप्याच्या शाळेतनं आले आणि तुला म्हटलं, "अप्पा, मास्तर म्हणत्यात काळी नदीला खोरं हाय." तू चुलीपुढं कणग्याचे कंद भाजत होतास. मान वर न करता म्हणालास, "असंल की. न्हाईतर एवढे डोंगर तिनं कशानं खणले?" आई हसली. मग तू म्हणालास, "कॅसलरॉकच्या लाकडाच्या ठेकेदाराकडं पन एक खोरं हाय. त्यानं त्यो पैसा वडतोय. ते काय आपल्याला कोन देत न्हाई." मग दाराआडचं आपलं खोरं दाखवलंस. तवा मला ती गंमतच वाटली होती. गावात खोरं म्हंजे लोखंड न्हाई, आख्खं घर, हे तू गेल्यावर कळलं.

कारण भात कापून झालं की वहाळाला बांध घालायचा, पाट साफ करायचा, आणि दर घरामागं एक खोरं यायला पायजे. ज्या घराचं आलं न्हाई, त्या घराला वायंगणाला, म्हंजे उन्हाळी भाताला, पाणी न्हाई. आपली पाण्याची पाळी गुरवारची. तू गेलास आणि ती काकानं घेतली. वाईट न्हाई त्यो. "पोरगी जरा मोठी होऊं दे," म्हणाला, आणि मग विसरला. फॉरेस्टवाल्यांनी डोंगरावर जाळून पेरायचं बंद केलं, कुमरी गेली, आणि आई दुसऱ्यांच्या शेतात जाऊं लागली. औंदा तिनं बियाचं भात मडक्यात बांधून ठेवलं आणि म्हणाली, "पाणी मिळालं तर पेरायचं. न्हाई मिळालं तर हे पन खाऊन टाकायचं, मग सपलं." बायका भात लावत्यात, कापत्यात, झोडत्यात, पन पाटाच्या कामाला बाई कवा गेली न्हाई. दुसरं कोन हाय आपल्यात? मी तुज्या खोऱ्याला नवा दांडा घातला.

काल सकाळी समद्यांनी बुधवंताच्या म्होरं खोरी वळीनं ठेवली. आपल्या गावचा मोठा माणूस, अजून त्योच हाय. मी शेवटाला ठेवलं आणि पायाकडं बघत उभी ऱ्हायले. काका म्हणाला, "लग्नात पन खांद्यावर खोरं घेऊन उभी ऱ्हाशील काय गं?" समदे हसले. कुणीतरी म्हणालं, "खोरं आलं, गडी कुठं हाय?" बुधवंतानं तंबाखू थुकली आणि म्हणाला, "खोरं दिसतंय. हात सांजला बघू."

मग काय, वडली माती. हाताला फोड आले, फुटले. दुपारपर्यंत बांध उभा ऱ्हायला, पाणी चढलं, आणि बांधाशेजारच्या जुन्या काठाच्या भाईरच्या अंगानं भळाभळा गळाय लागलं. गड्यांनी तितं चिखल मारला. गेला वाहून. परत मारला, दगड घातले. तेबी गेले. काका पाण्याला शिव्या घालाय लागला. आणि अप्पा, मी बोलले! दिसभरात पयल्यांदा. "भाईरनं काय व्हायचं न्हाई. भोक आत हाय."

"तुला कुणी सांगितलं?" काका म्हणाला. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. ओटीत कोंडा बांधून नेला होता, त्यो मुठीनं पाण्यावर सोडला. कोंडा जरा तरंगला, मग एका मुळाकडं सरकला, गोल फिरला आणि खाली गेला. तितं हात घातला तर कुर्लीचं, खेकड्याचं, बीळ, कोपरापर्यंत हात गेला. कुर्ली बोटाला चावली, मी सोडली न्हाई, वडून भाईर टाकली. खोऱ्यानं तोंड मोठं केलं, चिकट माती कोंबली आणि खोऱ्याच्या पाठीनं ठोकत ऱ्हायले. भाईरनं एक गडी वरडला, "थांबलं रं! थांबलं!"

सांजला बुधवंत वळीतनं हळूहळू चालत आला, एकेका खोऱ्याला काठी लावत. "नऊ. धा." माज्या खोऱ्याला काठी लागली. "अकरा."

"बुधवंता, पोरगी हाय ती," काका म्हणाला.

"मी खोरी मोजतोय रं. तुजं पन मोजलं का न्हाई?"

एवढे हसले समदे, की काकालापन हसावं लागलं. घरला येताना त्यो माज्या मागनं चालत होता. म्हणाला, "उद्या गुरवार. सकाळी पाट मीच सोडतो तुमच्याकडं. झोपून ऱ्हाऊ नकासा."

आई वरनं वरडतेय, "आलं गं, आलं!" माती फसफसतेय. पाय भिजले माजे.

ह्यो कागद कुणाकडं धाडू? तांदळाच्या मडक्यामागं ठेवीन. पन एक सांगते, रागावू नको. काल समद्या बायका म्हणत होत्या, बापाची आठवण काढूनच केलं पोरीनं. आई रडली. मी पन मान हलवली. खरं म्हंजे पाण्यात उभी होते तवा तुजी आठवण झालीच न्हाई. कोंडा टाकून भोक हुडकायचं तूच शिकवलंस, तरीबी न्हाई. मला निस्तं ते भोक दिसत होतं, आणि लई बरं वाटत होतं.