कडूबाईच्या कमरेची नस

पाचोड, ता. ६ जानेवारी २०२५

चि. मेघास कडूबाईचा जय भीम, वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून सांडूच्या दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी धाडते. वाचायचा कंटाळा केलास तर तोच वाचून दाखवील, अन् शेजारणींसमोर दाखवील.

भावकीत सांगत फिरतेस म्हणं, आक्काचा एवढा इलाज केला तरी आक्का कुरकुरतीच. आईला लकवा झाल्यापासून तिला उचलून, बसवून, धुऊन माझी कंबर गेली, तवा तू अन् माझा भाऊ भूषण कुठं होतात? डॉक्टर म्हणाला, बारीक सुईनं दुखरी नस गोठवतो, चिरफाड नाय, त्याच दिवशी घरी, काही महिने आराम. पण आधी परीक्षा. नसेपाशी सुन्न करायचं इंजेक्शन द्यायचं. दुखणं थोडा वेळ गेलं तर तीच नस कसूरवार. नाय गेलं, तर गोठवून उपेग नाय. इंजेक्शन दिल्यावर मी म्हणाले, फरक नाय. त्यानं परत पाठवलं. आता खामखा बोलावू नका.

आई आहे तशीच. लेकाला फुरसत झाली तर त्याला सांग.

तुझी नणंद,
कडूबाई

उस्मानपुरा, ता. ९ जानेवारी

ती. आक्कांस सप्रेम जय भीम, वि. वि.

तुमची चिठ्ठी सांडूने जिन्यातच मोठ्याने वाचली. समाधान झालं असेल.

फरक नाही म्हणालात? इंजेक्शननंतर क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत तुम्ही मांडी घालून बसलात आणि हात न टेकता उठलात. तांदळाची पिशवी माझ्या हातातून हिसकावलीत. मी आंधळी नाही. तुमच्यासाठी ह्यांनी रजा टाकली आणि तुम्ही डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोललात. हे म्हणतात, आक्काला बरंच व्हायचं नाही, दुखण्याचा तिला तोरा आहे.

डॉक्टर म्हणतात, खरं सांगा, गुरुवारी गोठवू. नंतर काही दिवस जड उचलायचं नाही. तेवढे दिवस आम्ही आईंना बाई लावू. याहून जास्त होणार नाही. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

राग नसावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

मेघा

पाचोड, ता. ११ जानेवारी

चि. मेघास जय भीम.

व्हय, गेलं होतं दुखणं. सगळं गेलं. त्या सांजंला चुलीपुढं बसून भाकरी थापल्या अन् रडले.

आता ऐक, जबान का फिरली. मी टेबलावर पालथी पडलेली, अन् दाराशी भूषण डॉक्टरला म्हणतो, एकदा हिची कंबर नीट झाली की आईचा घोर मिटला. मेघा, बैलाचा खांदा सुजला की मालक तेल-हळद लावतो. ते बैलाच्या मायेनं नाय, औतासाठी. माझं दुखतं म्हणून तर तुम्ही महिन्याकाठी तोंड दाखवता. ते बी गोठवलं तर पाचोडचा रस्ता इसराल.

तरी कंबर माझी हाय अन् मला ती पायजे. गुरुवारी येते. आई संगट, तिची गोधडी संगट. आधी तुझं दार, मग डॉक्टर. तिथं खरं बोलन. कुलूप लावून गेलात तर आईला जिन्यात बसवीन.

लोभ जेवढा असंल तेवढा पुरे.

कडूबाई

पाचोड, ता. २० जानेवारी

चि. मेघास जय भीम, वि. वि.

नस गोठवली. आत बर्फाची काडी फिरवल्यागत वाटलं, मग काय नाय. आता उठते, बसते, कुणाला हाक मारत नाय.

भूषणनं आईला पाठीवर घेऊन तीन जिने चढवले अन् रातभर तुझ्याकडून मलम चोळून घेतलं, असं कळलं. चोळ. पण आईला उचलताना तिच्या काखेत हात घालू नका, खांद्यात कळ मारती. तिचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे, गुडघा खाटेला टेकवायचा, मग एका दमात. धुताना ती लाजंल. तवा माझ्या नावानं बोटं मोडत राहा. लेकीची निंदा ऐकताना ती लाज इसरती.

तुझा निरोप आला की आता आक्का बरी झाली, महिन्याभरानं आईला पाचोडला पोचवतो. मेघा, आजवर दुखतंय म्हणून जमत नाय म्हणायचे. आता दुखत नाय. तरी जमत नाय. महिन्याकाठी भेटायला येईन. येताना केळी अन् बिस्किटं आणीन, तुम्ही आणायचे तशीच.

माझ्या वाट्याचा लोभ आईला दे.

कडूबाई