देवाच्या पाठीशी

सोमवार, ३ मार्च
— पण पाठ म्हणजे काय वाईट असते का? सकाळपासून बाबांना तेच समजावतेय. टेकडीवरच्या देवाच्या त्या भल्यामोठ्या मूर्तीचं तोंड अख्ख्या शहराला दिसतं, आमच्या लॉजमधून फक्त पाठ. बाबा म्हणतात, देवानंच पाठ फिरवली तर गिऱ्हाईक कुठून येणार. या सीझनला खोल्या भरल्या नाहीत तर लॉज बंद, आणि बाबा काकांच्या टाइल्सच्या दुकानात. काकांच्या हाताखाली! आमचे बाबा!

बुधवार, ५ मार्च
आयडिया! नवा बोर्ड. पाठ लपवायची नाही, मिरवायची. मजकूर मीच दिला. पेंटरनं दोनदा विचारलं, ताई, नक्की असंच? म्हटलं, असंच.

शनिवार, ८ मार्च
बोर्ड लागला: ‘आमचं लॉज सदैव देवाच्या पाठीशी’.
आई वाचून जी हसत सुटली, ती पायरीवरच बसली. मला कळेना. पाठीमागे आणि पाठीशी एकच ना? नाही म्हणे! पाठीशी म्हणजे आधाराला. देव आपल्या पाठीशी असतो, आपण देवाच्या नाही. "इंग्रजी शाळेची फी वसूल झाली," बाबा म्हणाले.

शुक्रवार, १४ मार्च
लोक बोर्डासोबत फोटो काढतायत. आणि राहतायतसुद्धा! देवाच्या पाठीत दुरुस्तीवाल्यांसाठी एक छोटं लोखंडी दार आहे, ते समोरच्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता सगळ्यांना मागचीच खोली हवी.

सोमवार, १७ मार्च
मूर्ती समितीचे अध्यक्ष देवाचा तडकलेला चौथरा बघायला आले होते. बोर्ड दिसला आणि तावातावानं आत. देवाला आधार देणारे तुम्ही कोण, उतरवा तो! मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात बाबा बोलले. काकांसमोर ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते बाबा.
"साहेब, तुम्ही सगळे समोर हात जोडून उभे. त्याची पाठराखण आम्हीच करतोय ना?"
अध्यक्ष पाणी प्यायले. बराच वेळ खिडकीतून वर बघत बसले.

मंगळवार, २५ मार्च
लॉज फुल! बाबांनी काकांना फोन करून ‘नाही जमणार’ सांगितलं. नंतर शीळ वाजवत चादरी बदलल्या.

गुरुवार, ३ एप्रिल
अध्यक्ष परत आले. बाबांचं बोलणं मनाला लागलं म्हणे. चौथऱ्यासाठी मूर्ती उतरवायचीच आहे, तर पुन्हा बसवताना देवाचं तोंड आमच्याकडे! बाबांचे डोळे भरून आले. आईनं मला हळूच चिमटा काढला.
मागच्या खोल्या जूनपर्यंत बुक आहेत. पाठीसाठी!
बाबांना सांगू, की सरळ वर जाऊन देवालाच सांगू, वळू नकोस? डायरी, तुला काय वाटतं?