आधी समोरच्याचं सांग

अण्णा, आज कॉलेजात निबंध तपासताना एका मुलीच्या कागदावर मी लाल शाईने लिहिलं, 'दुसऱ्या बाजूला लंगडा बैल जुंपलास.' ती कागद घेऊन आली, म्हणाली, मॅडम, याचा अर्थ काय? जालन्यातच वाढलेली पोर, बैल तिने पोळ्यालाच पाहिलेले. तिला अर्थ सांगता सांगता मी आपल्या ओसरीत येऊन पोचले. घरी येऊन चहा केला, तो निवून गेला, आणि आता हा कागद पुढे ओढलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी वाद घालायची सवय काही जात नाही.

तुम्ही सरपंच होता तेव्हा चावडीवर तुमचा एक कायदा होता. दोन भाऊ बांधावरून भांडत आले की ज्याचा आवाज मोठा त्याला तुम्ही आधी बोलायला लावायचात. "आधी समोरच्याचं काय म्हणणं हाय ते तू सांग. तो बराबर म्हणला की मंग तुझं ऐकतो." माणूस चिडायचा, खाकरायचा, भावाचं म्हणणं वाकडंतिकडं सांगायचा. भाऊ नाही म्हणून मान हलवायचा, की पुन्हा पहिल्यापासून. निम्मी भांडणं त्या 'बराबर'पर्यंत पोचता पोचताच निवायची. मी लहानपणी खांबाला टेकून हे पाहत असे आणि मला वाटायचं, सगळ्या गावांत असंच चालतं.

मग सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली. ज्या घराशी तुमचं कधी पटलं नाही त्याच घरची सून निवडून आली. तुम्ही कुणाला वाईट बोलला नाहीत, पण त्या घरचा चहा सोडलात, चावडीवर बसणंही सोडलंत. गावातून मोसंबीच्या बागेत जायचं तर मागच्या वाटेने जायचात. मी तेव्हा जालन्याला बी.ए.ला होते. राज्यशास्त्राच्या सरांनी नेमका तोच विषय दिला: ग्रामपंचायतीत स्त्रियांना आरक्षण, दोन्ही बाजूंचा अभ्यास करून तुलना करा, संदर्भ द्या. मी आरक्षणाच्या बाजूची, आणि विशीतली, म्हणजे काय विचारता. ग्रंथालयात बसून अहवाल चाळले, पेपरांतले लेख उतरवले. माझ्या बाजूची पानंच्या पानं झाली. विरोधी बाजू दीड पानात आटोपली.

शनिवारी वडीगोद्रीला एसटीतून उतरून घरी आले तेव्हा निबंध पिशवीतच ठेवायचा, असं ठरवलं होतं. तुमच्या जखमेवर मीठ कशाला? पण पिशवीतले कागद पाहून आईनेच तुम्हाला सांगितलं, पोरगी कायतरी लिहून राह्यली. तुम्ही हातपाय धुऊन बसलात आणि म्हणालात, "वाच." तुमच्या बाजूचं दीड पान मी भराभर वाचून टाकलं.

"माझ्याकडून लंगडा बैल जुंपला अन् तुझ्याकडून खिलारी," तुम्ही म्हणालात. "मंग शर्यत कशाची? विरोध करणारे जुनाट विचाराचे, असं लिवलं तू. म्या कवा म्हणलं, बाई नको? म्या म्हणतो, आधी काम शिकवा. कामात मुरलेल्या माणसाला आरक्षणाच्या एका चिठ्ठीनं घरी बसवता, अन् ग्रामसेवकाचा कागद जिला वाचता येत न्हाई तिच्या हाती गाव देता. मंग कारभार करतो कोण? सासरा. बाईला काय भेटलं अन् गावाला काय भेटलं?"

मी चुलीपाशी बसून पुन्हा लिहिलं. तुम्ही मान हलवलीत. पुन्हा लिहिलं. तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, "बराबर." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच तोऱ्यात मी म्हणून गेले, "आता तुमची पाळी, अण्णा. माझी बाजू तुम्ही सांगा."

स्वयंपाकघरात आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला. तुमचा कायदा तुम्हालाच कुणी लावला नव्हता. मला वाटलं, आता तुम्ही उठून जाणार, आणि पुन्हा माझ्याशी या विषयावर कधीच बोलणार नाही. त्याचीच मला भीती होती. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. मग म्हणालात, "बाईचा बी हक्क असतो म्हणून."

"बराबर न्हाई," मी म्हटलं.

"मंग काय हाय?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती पेपरातली वाक्यं. तुम्ही लगेच पकडलंत. "हे पेपरचं झालं. सरपंच झाली तिला इच्यारलं का तू? मागच्या गल्लीत ऱ्हाती ती." मी जालन्याच्या ग्रंथालयात जाऊन आले होते, मागच्या गल्लीत गेले नव्हते. तुम्ही टोपी घातलीत आणि म्हणालात, "चल."

ओट्यावर बसलेले त्यांचे सासरेबुवा अजून डोळ्यांपुढे आहेत. तुम्हाला दारात पाहून ते उभेच राहिले. तुम्ही म्हणालात, सरपंचबाईंकडं काम हाय. ते म्हणाले, मला सांगा ना. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सही तुमची चालत असंल तर तुम्हाला सांगतो." त्या बाहेर आल्या, हाताला पीठ, डोक्यावर पदर. तुम्ही सरळ विचारलंत, बाई सरपंच कशाला पाहिजे?

त्या आधी सासऱ्यांकडे बघत राहिल्या, मग तुमच्याकडे. "राग नका येऊ देऊ, अण्णा. तुम्ही चावडीम्होरं नळ आणला, लई चांगलं केलं. पण तिथं दिवसभर मोठी माणसं बसत्यात. आम्ही सुना तिथून चपला हातात घेऊन जातो. हंडा लावून उभं कसं ऱ्हावं? नळ आला तरी आम्ही विहिरीवरच जात राह्यलो. म्या तेवढा एक नवा नळ मागच्या गल्लीत घेतला. बाकी तुमचं म्हणणं बी खरं हाय. कागद मामंजीच बघतात. मला कुणी शिकवलंच न्हाई."

तो नळ म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं काम. येताना तुम्ही बऱ्याच दिवसांनी चावडीवरून आलात आणि नळापाशी जरा थांबलात. घरी आल्यावर आईला विचारलंत, "तू बी चपला हातात घेती?" आई भाकरी उलटत म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासून. तुमीच तर बसलेले असता तिथं." मला हसू आवरेना. तुम्हालाही शेवटी आलंच.

जेवण झाल्यावर तुम्ही माझी बाजू सांगितलीत. "नळ कुठं पाहिजे हे बसवणाऱ्याला कळत न्हाई, पाणी भरणारीला कळतं. म्हणून ती चावडीत पाहिजे. कागदाचं काय, कागद शिकवता येतो." मी म्हटलं, "बराबर." माझ्या सगळ्या पानांत इतकं नेमकं वाक्य नव्हतं. मी ते तसंच घातलं आणि संदर्भात लिहिलं: 'वडील, माजी सरपंच, घरची ओसरी.' सरांनी त्याखाली रेघ मारली, मुलाखत अशी नोंदवत नाहीत म्हणाले, आणि निबंध वर्गात वाचायला लावला. तुम्ही पुढे त्या ओट्यावर जाऊन सरपंचबाईंना पंचायतीचे कागद वाचायला शिकवलंत. चहासुद्धा घेऊ लागलात. मत मात्र शेवटपर्यंत तसूभर बदललं नाहीत. मीही नाही.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? राहील इथंच, तपासलेल्या गठ्ठ्याखाली. दरवर्षी हा विषय शिकवते, अण्णा. माझी बाजू टिपणं बघून सांगावी लागते, तुमची तोंडपाठ आहे. 'म्या म्हणतो' इथपासून सुरू करते, पोरी हसतात. आणि सांगून झालं की उगीच क्षणभर थांबते. पोरींना वाटतं, मॅडमना पुढचं आठवत नाही. मी 'बराबर' ऐकायला थांबलेली असते.