तळहाताएवढी जागा

आबा, गेल्या शनिवारी मी एका तट्टाचे केस कापले. हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना मी थाप मारली, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना तुमच्याबद्दल मी कधी खरं काही सांगितलेलंच नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते मायेनं वगैरे नव्हे. लाज वाटतेय म्हणून लिहितेय.

आम्ही व्हर्जिनियात राहतो, अ‍ॅशबर्न नावाच्या गावात. इथं जिकडेतिकडे बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती आहेत आणि त्यांच्या आत जगभरचे कॉम्प्युटर गुरगुरत असतात. त्यातल्याच काहींवर आमचं सगळ्यांचं पोट आहे. पण वीस मिनिटं गाडी चालवली की कुरणं लागतात, लाकडी कुंपणं लागतात, आणि तिथल्या एका तबेल्यात तुमची नात घोड्यावर बसायला शिकते. बारा वर्षांची आहे. मी तिला कथक सुचवलं, पोहणं सुचवलं, पियानोसुद्धा सुचवला, पण हिचा एकच हट्ट. पहिल्या दिवशी तबेल्याचं दार सरकलं आणि लीद, सुकं गवत आणि घामेजलेलं चामडं असा तो वास आला. तो वास मी इंजिनिअरिंगची चार वर्षं हॉस्टेलच्या बाथरूममध्ये अंगावरून घासून काढत होते. मी दारातच थबकले, तर ही मला म्हणते, "मॉम, रिलॅक्स. दे आर जस्ट हॉर्सेस."

तिला मिळालेलं तट्टू डोंगराळ मुलखातल्या जातीचं आहे. बुटकं, गोलमटोल, आणि थंडी पडायला लागली की अंगावर बोटभर लांब केस. बघितल्याबरोबर मला आपली घोडी आठवली. कुणा व्यापाऱ्यानं ती उत्तरेकडून आणली होती आणि आपल्या डोंगरावर तिच्याएवढी केसाळ दुसरी घोडी नव्हती. बाकीचे घोडेवाले तुम्हाला विचारायचे, घोडी घेतली की अस्वल? दिवाळीच्या गर्दीत पर्यटकांना घेऊन पॉइंटांच्या फेऱ्या मारून ती घामानं भिजायची, त्या दाट केसांत ओल तशीच राहायची आणि संध्याकाळच्या वाऱ्यात ती कुडकुडायची. म्हणून तुम्ही न्हाव्याकडून त्याचं जुनं हातमशीन मागून आणलंत. आई नव्हती, त्यामुळे मी शाळेतून आले की तुमच्याबरोबर तबेल्यात. मी घोडीचं कपाळ खाजवत उभी राहायची आणि तुम्ही कापायचात. आधी खरारा करून सगळी धूळ काढायची, नाहीतर मशीन अडकतं. मग मशीन नुसतं तिच्या कानाजवळ चालवायचं, म्हणजे आवाजाची ओळख होते. पातं तापलं का ते आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं, मग तिच्या अंगाला. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

आणि एक गोष्ट फक्त तुमची होती. डाव्या खांद्यावर, आयाळीच्या जरा खाली, तळहाताएवढे केस तुम्ही तसेच ठेवायचात. एकदा तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी मोठ्या हौसेनं तेवढा तुकडाही कापायला घेतला. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातून मशीन काढून घेतलंत आणि म्हणालात, "ती जागा राहू दे. दाट धुक्यात मला ती दिसत नाही नि तिला मी दिसत नाही. हात तिथं पडला की तिला कळतं, आपला माणूस आहे." ते केस वाढेपर्यंत मी त्या खांद्याकडे बघायची नाही.

तर शनिवारी. इथंही तोच प्रश्न. तट्टू घामानं भिजतं, लवकर वाळत नाही, म्हणून केस कापायचे. इथल्या मालकीणबाईंचा नियम असा की ज्या मुलीचं तट्टू, तिनंच सगळं करायचं. साठीच्या, सहा फूट उंच, गमबूट घातलेल्या बाई आहेत, आणि कुणालाही सूट देत नाहीत. आपली नात इलेक्ट्रिक मशीन घेऊन गेली ती थेट त्याच्या पोटाशी. आवाजासरशी तट्टू असं उडालं की तिचा खांदा भिंतीवर आपटला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. ती रडायला लागली. मालकीणबाई त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालायला निघाल्या, म्हणजे ते गप्प उभं राहील. तो पीळ तुम्ही कधी कुणाच्या घोड्याला घालू दिला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "कॅन आय ट्राय?"

पुढचा दीड तास मी कुठं होते ते मला माहीत नाही. मशीन बंद करून त्याच्या खांद्याला नुसतं टेकवलं, मग दूर धरून सुरू केलं, मग जवळ आणलं. मुलीला म्हटलं, त्याचं कपाळ खाजव, थांबू नको. मनगटाला पातं लावून बघत होते. कोपराजवळची कातडी डाव्या हातानं ताणून धरत होते. केसांच्या उलट दिशेनं लांब लांब पट्टे पडत गेले, आणि त्या तट्टानं मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबू दिला. मी गुणगुणतही होते की काय कोण जाणे, कारण मुलगी मध्येच म्हणाली, "मॉम, यू आर हमिंग." तुम्ही गुणगुणायचात. आबा, खरं सांगते, एवढं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

संपलं तेव्हा माझी मैत्रीण टाळ्या वाजवत होती. ती पुण्याची, तिचीही मुलगी तिथंच शिकते, आणि आमच्या सगळ्या मराठी मंडळींत कुठलीही बातमी पहिल्यांदा तिच्याकडून कळते. "अगं, तू तर एकदम प्रोफेशनल निघालीस! कुठे शिकलीस हे सगळं?" मालकीणबाईही बघत होत्या. आपली नातही बघत होती, डोळे पुसत, आणि आईकडे असं कौतुकानं बघायची हल्ली तिला सवय राहिलेली नाही. तुमचं नाव घ्यायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती. माझे वडील घोडेवाले होते, एवढं एक वाक्य. मी म्हटलं, "यूट्यूबवर, यार. काल दोन-तीन व्हिडिओ बघितले."

सगळे हसले. मग मालकीणबाई तट्टाभोवती फिरल्या आणि डाव्या खांद्यापाशी थांबल्या. "यू मिस्ड अ स्पॉट, हनी." तिथं तळहाताएवढे केस राहिले होते. मी ते ठेवलेत हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. माझ्या हातानं ते आपणहून ठेवले होते. मी म्हणू शकले असते, ते राहू द्या. कुणी विचारलं असतं, का? आणि त्या 'का'पुढे तुम्ही उभे होतात. मी "ओह, सॉरी" म्हटलं, मशीन सुरू केलं आणि ती जागा साफ केली. एका फटक्यात गेली. केस खाली पडले आणि मुलीनं ते झाडूनही टाकले.

परत येताना गाडीत मला ती सहल आठवली. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची. मी सगळ्यांना घर पनवेलला आहे आणि वडील हॉटेल लाइनमध्ये आहेत असं सांगून ठेवलं होतं. सहल नेमकी आपल्याच डोंगरावर निघाली. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून गेले. मनाशी म्हणत होते, तुम्ही कुठल्या तरी लांबच्या पॉइंटाला गेला असाल. तुम्ही समोरच उभे आहात, घोडी धरून. माझ्या मैत्रिणी म्हणताहेत, ही केसाळवाली कसली क्यूट आहे, तू हिच्यावर बस. बाकीचे घोडेवाले मला मी शेंबडी असल्यापासून ओळखतात, एकानं तर हाक मारायला तोंडही उघडलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्याच्याकडे एकदाच पाहिलंत, आणि तो गप्प झाला. मग खाली वाकून दोन्ही तळहात पुढे केलेत आणि म्हणालात, "बसा मॅडम. घोडी गरीब आहे, काही करणार नाही."

मी बूट तुमच्या तळहातांवर ठेवला, आबा. पूर्ण पॉइंटभर तुम्ही पुढे चाललात, उजवा हात तिच्या खांद्यावरच्या त्याच जागेवर. मागे वळून पाहिलं नाहीत. मैत्रिणी विचारत होत्या ती माहिती देत होतात, दरी किती खोल, माकडं चावतात का. दिवाळीला घरी आले तेव्हा मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही भाकरी मोडत एवढंच विचारलंत, "खोगीर टोचलं तर नाही ना त्या दिवशी?" मी म्हटलं, नाही. नवऱ्यालाही मी पुढे तशीच थाप मारली, बाबा टुरिझममध्ये होते. टुरिझम! शब्द तरी बघा काय शोधून काढला.

त्या वेळी तुम्ही मला सांभाळून घेतलंत असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत आले. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांची होते, घाबरलेली होते. आता चव्वेचाळिसावं चालू आहे, स्वतःचं घर आहे, आणि शनिवारी मला कुणीच घाबरवलेलं नव्हतं. इथं घोडा बाळगणं म्हणजे उलट प्रतिष्ठा. तुमचं नाव सांगितलं असतं तर त्या गमबूटवाल्या बाईंनी माझा हात हातात घेतला असता. म्हणजे इतक्या वर्षांत लाज तुमची वाटत नव्हती, तर एकदा मारलेल्या थापेची वाटत होती, आणि ती झाकायला मी दर वेळी तुम्हालाच पुसून टाकत आले.

हे पत्र कुठं टाकायचं, कुठंच नाही. ते टेबलाच्या खणात राहील आणि तिथं ते कुणी वाचणार नाही, कारण नवरा त्या खणात कधी हात घालत नाही आणि मुलीला मराठी अक्षरं येत नाहीत. तीही माझीच कृपा. ती मात्र त्या दिवसापासून मागे लागली होती, "मॉम, सेंड मी दॅट व्हिडिओ. मला पण तसं शिकायचंय." मी म्हणायची, पाठवते. तिनं स्वतःही शोधला, पुष्कळ बघितले, आणि मला म्हणाली की यातला कुणीच खांद्यावर तेवढे केस ठेवत नाही. तिनं ते बघितलं होतं, आबा. काल तिनं पुन्हा लिंक मागितली. मी भांडी लावत होते, मान वर केली नाही. म्हटलं, तो व्हिडिओ आता नाहीये, कुणीतरी काढून टाकला.

"ओह," ती म्हणाली, "पण तो माणूस चांगला होता का गं?"

मी हो म्हटलं. तेवढंच काय ते खरं बोलले.