काट मारलेल्या ओळी

सोमवार, ४

पुन्हा मराठीच्या गाइडची उत्तरं लिहायचं काम! बापाच्या न कळलेल्या मायेवरची कविता — कवी अज्ञात, ओळी बारा, अलंकार ओळखा. बापही शिंपीच निघाला. माझे बाबा कुठेही आडवे येतात. पहिली ओळ — ‘सायकलीमागे बाप धावला, लेकीला वाटला वारा’. भ्रांतिमान अलंकार. वहीत उतरवला, प्रूफातल्या ओळीवर काट मारली. झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रूफ छापखान्यात परत.

बुधवार, ६

नवं प्रूफ आलं. ओळी अकरा! सायकलीची गायब. छापखान्याचा नेहमीचा गोंधळ. पुढची ओळ — ‘कोपऱ्यातली कात्री लेकीची वाट पाहते’. चेतनगुणोक्ती. काट.

संध्याकाळी दादाचा फोन. बाबा विसरायला लागलेत म्हणे. मला सायकल शिकवताना मैदानभर धावायचे, त्याची त्याने आठवण काढली, तर म्हणाले, कसली सायकल? वय झालं, मी म्हटलं. एकदा भेटून जा, म्हणाला. काम संपू दे, म्हटलं.

शुक्रवार, ८

ओळी दहा. कात्री नाही. वैतागून दहाही एका बैठकीत उरकल्या, शेवटची ‘लेक हाच त्याच्या घरातला दिवा’ — रूपक — तीसुद्धा. सगळ्यांवर काट मारून प्रूफ पाठवलं.

मग दादाचा फोन. बाबांनी कात्री हातात घेऊन विचारलं म्हणे, ही कशाला असते? चाळीस वर्षं तिच्यावर आमचं घर चाललं.

वही उघडली — आधी सायकल, मग कात्री; आणि आज तर दहाही ओळी काटून पाठवल्यात.

शनिवार, ९

लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी माझी विसरलेली छत्री द्यायला बाबा मी शिकवते त्या कॉलेजात आले. बरोबरच्या बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, “आमचे शिंपी.” बाबांनी हसून मान डोलावली, छत्री ठेवली, गेले. त्यानंतर ते आले नाहीत, मी गेले नाही. लाज वाटते मला — रोज वाटते.

सकाळीच छापखाना गाठला. अक्षरं जुळवणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, काट म्हणजे ओळ उडवायची. तुम्हीच मारल्यात की!” आजवर मी नुसती वही द्यायचे, प्रूफ कधी हाताळलंच नव्हतं. एवढंच होतं तर! वेड्यासारखी हसले. बाराही ओळी डोळ्यांदेखत परत बसवून घेतल्या, दोनदा मोजल्या.

उद्या बाबांकडे. सरळ पाय धरायचे.

रविवार, १०

गेले. बाबांनीच दार उघडलं, खुर्ची दिली. मी सगळं बोलले — कॉलेज, ते दोन शब्द, ही दोन वर्षं. रडले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पाणी आणून दिलं.

मग म्हणाले, “रडू नका, ताई. हे तुमच्या वडिलांना जाऊन सांगा. ऐकतील ते.”